शिडाचे कापड

आमच्या कट्ट्याला समुद्र नाही. कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. खारा वारा आमच्यापर्यंत येतो तो माडांतून आणि काजूच्या झाडांतून गाळून येतो. तेव्हा कट्ट्याच्या माणसाने शिडांविषयी बोलावे, हा थोडा आगाऊपणाच म्हणायचा. पण या विषयाशी माझी ओळख झाली ती समुद्रावर नव्हे, घरच्या खळ्यातच.

माझ्या लहानपणी आमच्या खळ्यात भात वाळत घालायला एक भले मोठे जाड कापड होते. ते मूळचे पांढरे असावे, पण मला आठवते तेव्हापासून तांबूस-काळपट. त्याला एक बाजू लांब, एक आखूड, आणि कडेने एक दोरी शिवलेली. हे मालवणच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने दिलेले जुने शीड होते. शीड दिले आणि त्याबदल्यात भात नेले, असा तो साधा व्यवहार. त्या कापडाची एक गोष्ट मला चमत्कारिक वाटे. ते अखंड नव्हते. हात-दीड हात रुंदीच्या पट्ट्या एकीला एक जोडून ते केले होते, आणि सगळ्या शिवणी एकाच दिशेने धावत होत्या. एकदा बाजाराच्या दिवशी तो तांडेल आमच्या पडवीवर टेकला असता मी त्याला विचारले, "तांडेलानू, ह्या कापडाक एवढे सांधे कित्याक? अख्खा कापड गावला नाय?"

तो हसला आणि म्हणाला, "झिला, अख्खा कापड वाऱ्यात पोट सोडता. सांधो म्हणजे कापडाचो कणो."

सांधा म्हणजे कापडाचा कणा! त्या वेळी मला यातले काही कळले नाही. पुढे वाचताना, बंदरावर हिंडताना आणि चार जाणत्या माणसांशी बोलताना ध्यानात आले की, शिडांचा सारा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो. आज त्याचीच थोडी उकल करावी म्हणतो.

शीड म्हणजे वारा अडवणारे कापड, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वारा पाठीमागून असेल तर ती खरीही आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, आणि त्यांवर उंच, अरुंद, चौकोनी शिडे. चौकोनी शीड वाऱ्याला छाती देते आणि वारा गलबताला पुढे ढकलतो. पण आपल्या किनाऱ्यावरचा वारा तुमच्या सोयीने वाहत नाही. पावसाळा संपल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर, दर्या मोकळा होतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो. आता मालवणच्या माणसाला जायचे असते मुंबईला, म्हणजे उत्तरेला. दुपारचा वारा जवळजवळ तोंडावरच! अशा वेळी वाऱ्याला तिरके कापीत, कधी किनाऱ्याकडे तर कधी समुद्राकडे वळत पुढे सरकायचे असेल, तर शिडाने नुसता वारा अडवून भागत नाही. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी सरकून गेला पाहिजे. पक्ष्याच्या पंखासारखा त्याला नेमका बाक हवा. बाक फार झाला तर होडी आडवी वाहत जाते, आणि बाक नसला तर तिला ओढच मिळत नाही.

म्हणून आपल्या किनाऱ्यावर तिकोनी शीड, किंवा पुढचा कोपरा छाटलेले जवळजवळ तिकोनी शीड, रुजले. डोलकाठी जरा पुढे झुकलेली. तिच्यावर परबाण, म्हणजे शीड बांधायची लांब तिरकी काठी, आणि परबाणाला शिडाची सर्वांत लांब बाजू बांधलेली. मागच्या मोकळ्या कोपऱ्याला दामण, म्हणजे शीड ओढून धरायचा दोर. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात मराठ्यांच्या आरमारातील गलबतांचे वर्णन केले आहे. गलबत फार तर ७० टनांचे, दोन डोलकाठ्यांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच तिकोनी आणि खूप मोठे शीड असे, आणि ते चढवले म्हणजे त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई, असे तो सांगतो. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास, हेही त्यानेच नोंदले आहे.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर झाली. किल्ल्याचे दगड आपण मोजतो, तोफा मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या तटाच्या आसऱ्याला जी गुराबे आणि गलबते उभी राहत, त्यांचा जीव होता कापडात. वारा पडला तर वल्ही होती हे खरे, तरी पाठलाग करायचा किंवा निसटायचे, तर शिडाखेरीज गत्यंतर नव्हते. आणि कापड ही वस्तू अशी की, दगडासारखी उरत नाही. विजयदुर्गाच्या बंदरात फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ला आजही पाहायला मिळतो. ती शिडे कशी शिवली होती, हे दाखवायला त्यांची चिंधीसुद्धा शिल्लक नाही.

मग हे कापड होते तरी कसले?

फार जुन्या काळी या समुद्रावर झावळ्यांचीही शिडे होती. दहाव्या शतकात अबू झैद या अरबी लेखकाने एक मौजेची हकिगत दिली आहे. ओमानचे लोक माडांच्या बेटांवर जात. तेथेच माड तोडून फळ्या काढीत, काथ्या वळून त्या फळ्या शिवीत, खोडाची डोलकाठी करीत, झावळ्यांचे शीड विणीत, आणि शेवटी त्याच जहाजात नारळ भरून घरी परतत! सगळे जहाज एका झाडाचे. कोकणच्या माणसाला माडाचे हे गुण नव्याने सांगायला नकोत. पण झावळीचे शीड जड असते, घडी घेत नाही, आणि मोठ्या आकारात त्याला बाक देता येत नाही.

ती उणीव सुताने भरून काढली. आपल्या देशात कापूस होता, कोष्टी-साळी होते, हातमाग होते. मुंबईच्या डोंगरी भागाचे नाव ज्याला चिकटले, ते 'डोंगरी' नावाचे जाडेभरडे सुती कापड शिडांना आणि तंबूंना वापरीत. हाच शब्द इंग्रजांनी 'डंगरी' म्हणून उचलला, आणि आज जगभर कामगारांच्या आणि लहान मुलांच्या अंगात जे अंगरखा-विजारीचे जोडकापड असते, त्याला तेच नाव आहे. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य शिवकालात, म्हणजे १६७३ च्या सुमारास, या किनाऱ्याने हिंडला. कुठल्या बंदरात काय मिळते हे सांगताना त्याने कारवारच्या नावापुढे डोंगरी कापड आणि वजनदार मिरी लिहून ठेवली. कारवार आमच्यापासून किती दूर? मालवणहून दक्षिणेला, गोवा ओलांडले की आलेच.

युरोपात मात्र शिडे असत ती अळशीच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या किंतानाची. ते चिवट आणि हाताला मऊ, पण वीण सैल. वारा त्यातून पार जाई आणि शीड पिशवीसारखे फुगे. शर्यतीत वारा धरून राहावा म्हणून शिडांवर पाणी मारीत असत. १८५१ साली 'अमेरिका' नावाची एक शिडाची नौका अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेली, आणि २२ ऑगस्ट रोजी वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत तिने इंग्रजांच्या नौकांना मागे टाकले. तिची शिडे यंत्रमागावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची होती आणि ती पाटासारखी सपाट बसत. तिच्या अंगाची घडणही नवी होती, हे सांगितले पाहिजे. तरी तेव्हापासून शर्यतीच्या नौकांवर सुती शिडांचे युग आले.

म्हणजे कापसाचा गुण आम्ही आधी ओळखला होता, असे म्हणून छाती फुगवायची का? फुगवू नये. कापूस आमचा जुना होता, पण आमची वीण हातमागाची आणि विरळ होती. जिंकला तो कापूस आणि घट्ट वीण यांचा जोड. एकट्या धाग्याचे श्रेय नाही, हा यातला धडा.

आता श्रोतेहो, जवळ हातरुमाल असेल तर घ्या. नसेल तर पंचाचे टोक घ्या, पदर घ्या. दोन्ही हातांनी तो उभ्या धाग्याच्या दिशेने ओढून पाहा. फारसा ताणत नाही. आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा. तरीही फारसा नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. पाहिलेत? रुमाल लांब होतो, मध्ये आखडतो, चौकोनाचा पतंग होतो. तिरक्या ताणाला अडवायला तिथे धागाच नसतो. शीड शिवणाऱ्याचे सारे कसब या एका गोष्टीत आहे. शिडाच्या तीन बाजूंपैकी एक परबाणाला बांधलेली असते. खालच्या आणि मागच्या बाजूला काठीचा आधार नसतो, आणि दामण ओढले की सर्वांत जास्त ताण येतो तो मागच्या मोकळ्या कडेवर. त्या कडेला कापड तिरके आले, तर रुमालासारखे ते लांबणार, शीड तिथे लोंबणार, आणि गलबत वाऱ्याला कापायचे सोडून आडवे वाहणार.

म्हणून जुन्या रीतीत पट्ट्या मागच्या कडेला समांतर लावीत. कडेचा ताण उभ्या धाग्यावर सरळ यावा, हा हेतू. शिवणीच्या जागी कापड दुहेरी होते, म्हणून प्रत्येक शिवण ही एक घट्ट रेघ बनते. तोच तांडेलाचा कणा. त्यातून मागाची रुंदी अरुंद, म्हणजे पट्ट्या अरुंद, म्हणजे कणे जास्त. जी मागाची अडचण, तिचाच शीड शिवणाऱ्याने उपयोग करून घेतला. शिवाय कडेने दोरी शिवलेली असे. ती कापडाचा भार स्वतःवर घेई आणि कड फाटू देत नसे. शिवण दाभणाने, मेण लावलेल्या सुताने, दुहेरी टाक्याची. आमच्या खळ्यातल्या शिडाच्या कोपऱ्यांना तर चार-चार पदरांची ठिगळे होती. ती फाटल्यामुळे लावलेली नव्हती, फाटू नये म्हणून लावलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य कारागिरांनी पट्ट्यांची दिशा बदलली. पट्ट्या मागच्या कडेला काटकोनात, आडव्या लावायला सुरुवात झाली. त्याने दोन गोष्टी साधल्या. शिवणी वाऱ्याच्या ओघाबरोबर आल्या आणि अडथळा कमी झाला. दुसरे म्हणजे, प्रत्येक पट्टीची कड किंचित कमानदार कापून शेजारच्या पट्टीला जोडली की, शिडाला हवा तेथे आणि हवा तेवढा बाक शिवणीतच देता येऊ लागला. चोळीला जसा कापातच आकार देतात, तसाच हा प्रकार. मात्र या रीतीत कडेचा ताण आडव्या धाग्यावर येतो, म्हणून असे कापड विणतानाच आडवा धागा जास्त मजबूत घ्यावा लागतो. पाहा, शिवणाऱ्याने दिशा बदलली की विणणाऱ्यालाही बदलावे लागते!

आमच्याकडच्या रीतीला दुसरीही एक मर्यादा होती. मोठे परबाण असलेले शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवायचे म्हणजे परबाण उभे करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचे. रात्री, उसळत्या समुद्रात, हे काम जीवावरचे. म्हणून वाऱ्यात तोंड घालून वळण्यापेक्षा तांडेल वाऱ्याला पाठ देऊन मोठा वळसा घेत असे. त्यात कमावलेले अंतर थोडे गमवावे लागे. त्याच्या बदल्यात मंद वाऱ्यातही भरपूर ओढ देणारे शीड मिळे. किनाऱ्याकिनाऱ्याने कौले, मीठ, तांदूळ, लाकूड वाहणाऱ्याला हा सौदा परवडत होता.

आता कापसाचा मोठा शत्रू सांगतो. तो वारा नव्हे. तांडेल म्हणे, "वाऱ्यान फाटला तर शिवूक येता. कुसला तर काय शिवतलंस?" कुसणे म्हणजे कुजणे. सुती शीड ओले घडी घातले की त्याला बुरशी धरते. खाऱ्या पाण्याने भिजलेले असेल तर मीठ हवेतला ओलावा ओढीत राहते आणि ते धड वाळत नाही. आगोट लागण्यापूर्वी होड्या वर ओढायच्या, शिडे गोड्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवायची आणि माळ्यावर टाकायची, याला पर्याय नव्हता. नव्या सुती शिडाची तर नव्या सुनेसारखी काळजी! ते पहिल्याच दिवशी जोराच्या वाऱ्यात ताणले तर कायमचे बिघडे. आधी मंद वाऱ्यात थोडे थोडे ताणून त्याला सवय लावायची. पावसात भिजले की ते आखडते, तेव्हा दोर सैल करायचे.

कुजू नये म्हणून सालीचा रंग देण्याची रीत मच्छीमारांत होती. ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी भिजवीत. सालीतला तुरट रस धाग्याला टिकवतो. आमचे खळ्यातले शीड तांबूस होते, ते अशाच कुठल्यातरी सालीने. यात एक गंमत आहे. उत्तर युरोपातल्या मच्छीमार होड्यांची ती सुप्रसिद्ध तांबडी-तपकिरी शिडे आपण चित्रांत पाहतो. ती रंगवायला ते लोक जे द्रव्य वापरू लागले, ते होते खैराचा कात, आपल्या पानातला तोच कात! तो हिंदुस्थान-ब्रह्मदेशातून जहाजांनी तिकडे जाई. कोकणातल्या कातकरी समाजाचे नावच मुळी कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेले. खैराच्या जंगलात कढईपुढे बसलेल्या माणसाला आपल्या धंद्याचा असा दूरचा गिऱ्हाईक ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

यानंतर आगबोट आली, मग यंत्र आले. विसाव्या शतकाच्या मध्यावर मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसू लागली आणि मालाच्या शिडांच्या गलबतांचाही जमाना हळूहळू मावळला. वायव्येच्या वाऱ्याशी झुंजत मुंबईला दिवसेन् दिवस जाण्यापेक्षा तेल जाळून ठरल्या वेळी पोचणे कुणाला नको? त्यात मच्छीमाराला दोष देण्यासारखे काही नाही. शीड रम्य दिसते ते किनाऱ्यावर बसलेल्याला. ते ओढणाऱ्याच्या हातांना घट्टे पडतात.

पण काळाचा योग पाहा. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. तोच पुढे टेरिलीन म्हणून आपल्या सदऱ्यांत आला. १९५० नंतरच्या दशकात त्याची शिडे होऊ लागली. जे कुजत नाही, पाणी पीत नाही, नवेपणी ज्याला सवय लावावी लागत नाही, असे कापड माणसाच्या हाती आले. पिढ्यान् पिढ्या ज्याची गरज होती ते मिळाले, पण आमच्या किनाऱ्यावर शिडेच उतरू लागली होती.

मग शिडाची विद्या संपली का? नाही. ती आमच्या शेजारीच, गोव्यात, नव्या रूपात उभी आहे. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. म्हादेई म्हणजे मांडवीचेच दुसरे नाव. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मे २०१० पर्यंत कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठल्याही बंदराला न लागता एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात 'तारिणी' या तिच्या धाकट्या बहिणीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगाला वळसा घालून आल्या.

आणि मौज अशी की, अशा लांबच्या सफरीची शिडे निवडताना आजही प्रश्न तेच पडतात, जे त्या तांडेलाला पडत. पॉलिएस्टरचे विणलेले कापड तिरक्या ताणाला लांबतेच, कारण वीण ती वीणच. म्हणून विणल्यावर ते तापवून दाबतात आणि त्यात राळेसारखे द्रव्य भरतात. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते ना, तसेच. वापरून वापरून ही खळ मोडते आणि शीड पोट सोडू लागते. यावर एक उपाय म्हणजे पट्ट्या आडव्या न लावता कोपऱ्यांपासून किरणांसारख्या पसरवायच्या. ताण कोपऱ्यांतूनच निघतो, म्हणून धागाही तिथूनच धावतो. आकार जास्त दिवस टिकतो, पण कापड जास्त वाया जाते, शिवणी वाढतात आणि किंमतही.

दुसरा उपाय शर्यतवाल्यांचा. पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यात ताणाच्या दिशेने मजबूत धागे चिकटवायचे. वीणच नाही, म्हणजे तिरकेपणाची कटकटही नाही! त्यासाठी केव्हलरसारखे पिवळे धागे वापरतात. त्या धाग्याचा शोध १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या बाईंनी लावला. शीड हलके होते आणि आकार तसूभर ढळत नाही. मग हे सगळ्यांनीच का घेऊ नये? कारण हे धागे उन्हाला आणि वारंवार घडी पडण्याला हळवे असतात. पापुद्रे सुटतात, आणि त्यांच्या मध्ये ओल शिरली की बुरशीही धरते. जो माणूस पाच महिने बंदर पाहणार नाही, त्याला वेगापेक्षा दुरुस्ती महत्त्वाची. विणलेले कापड फाटले तर सुई-दोऱ्याने भर समुद्रात शिवता येते. म्हणून दूर जाणारे बहुतेक दर्यावर्दी अजूनही विणलेल्या, शिवलेल्या शिडावरच जास्त विसंबतात. "वाऱ्यान फाटला तर शिवूक येता" हे शहाणपण पॉलिएस्टरच्या काळातही खोटे पडलेले नाही.

आणखी एक बारकावा. सुती कापड मऊ, म्हणून टाका त्यात रुतून बसतो आणि सुरक्षित राहतो. पॉलिएस्टर कडक, म्हणून टाका वर उघडा राहतो. तो दोरांना घासतो, उन्हाने जळतो. कापड धडधाकट असते आणि शिवण आधी जाते. म्हणून हल्ली नागमोडी टाके दोन-तीन ओळींत घालतात आणि शीड उतरल्यावर त्यावर झाकण घालून ऊन चुकवतात. कापूस कुजत असे, हे उन्हाने करपते. शत्रू बदलला, पण निगा चुकली नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मनाला लागून राहिलेली. २१ मे २०२५ रोजी कारवारला, फ्रायरने जिथले डोंगरी कापड नोंदले त्याच कारवारला, 'कौंडिण्य' नावाचे जहाज नौदलात सामील झाले. तेही गोव्यातच बांधलेले. अजिंठ्यातल्या चित्रावरून घडवलेले, फळ्या काथ्याने शिवलेले, चौकोनी शिडांचे. फळ्या शिवण्याची विद्या जाणणारे कारागीर केरळात अजून होते, म्हणून ते अंग उभे राहू शकले. पण जुन्या जहाजाचा आराखडा कुठेच उरलेला नव्हता. हाताशी होते ते चित्र. चित्रात शिडाचा आकार दिसतो, पण धागा कुठल्या दिशेने धावत होता हे दिसत नाही. पट्टी किती रुंद होती, शिवण कशी होती, कोपऱ्याला किती पदर होते, हे कुठलाही चित्रकार रंगवीत नाही. ते जाणतो शिवणारा, आणि तो लिहून ठेवीत नाही.

अजिंठ्याच्या शिडांचे झाले ते झाले. आमच्या मालवणी शिडांचे मात्र अगदी तसेच होऊ द्यायचे की नाही, हे अजून आपल्या हातात आहे. दांडीपासून देवबागपर्यंत, आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्यातरी माळ्यावर, कुठल्यातरी मांगरात अशी जुनी शिडे पडलेली असतील. कुणाच्या आजोबांच्या हातांना दामणाचे घट्टे असतील. एखादे शीड सापडले तर ते टाकून देऊ नका. ते पसरा. पट्टीची रुंदी मोजा. शिवणी कुठल्या कडेला समांतर आहेत ते पाहा. एका बोटाच्या रुंदीत टाके किती ते मोजा. कडेची दोरी काथ्याची की सुताची ते लिहा. शाळेच्या वहीचे एक पान पुरे. कुणी म्हातारा सांगणारा असेल तर त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घ्या, सुधारू नका.

हे मी दुसऱ्यांना सांगतो, पण माझ्याकडून काय झाले? आमच्या खळ्यातले ते शीड उंदरांनी आणि पावसाने संपवले. शेवटी त्याच्या चिंध्या गुरांच्या गोठ्यात गेल्या. त्याची पट्टी किती रुंद होती हे मी हात-दीड हात असे अंदाजाने सांगितले. मोजले कधीच नाही. आज ते मोजायला द्यावे इतके दुसरे काही मला मोलाचे वाटत नाही.

तो तांडेल एकदा म्हणाला होता, "ताण घेवन जा परत जाग्यार येता, ता शिडाचा कापड. ताण घेवन जा थंयच रवता, ता पोत्याचा." तेव्हा मी पोरवयाचा, त्याला म्हटले, "मग ह्या आमचा खळ्यातला आता कसला?" त्याने कापडाची कड दोन्ही हातांत धरली, खसकन ओढली, सोडली, आणि निरखून पाहिले.

"अजून शिडाचाच असा रे," तो म्हणाला, आणि काठी घेऊन मालवणच्या वाटेला लागला.